आहो आणि अहो

माणसांना पाठमोरं उभं करायचं आणि मागून हाक मारायची, या कामाचा मला बरीच वर्षं पगार मिळाला. क्योतोतल्या एका विद्यापीठात परदेशी संशोधकांसाठी मदतकक्ष आहे. तिथे मी नोकरीला होते, या वसंतात निवृत्त झाले. आमच्या टेबलाशी येणाऱ्याला घर, बँकेचं खातं, विमा, मुलांची शाळा असं सगळंच एकदम हवं असे. पण त्या सगळ्याच्या आधी त्याला लागायचं एक नाव. त्याचं स्वतःचंच नाव, पण जपानी अक्षरांत बसवलेलं.

परक्या शब्दांसाठी जपानीत काताकाना नावाची वेगळी अक्षरं आहेत. त्यांत ल नाही, आपल्यासारखी जोडाक्षरं नाहीत, आणि बहुतेक शब्द शेवटी स्वर घेतल्याशिवाय संपतच नाहीत. पासपोर्टावरचं नाव या अक्षरांत एकदा लिहिलं की वॉर्ड ऑफिस, बँक, दवाखाना, शाळा सगळीकडे ते तसंच लिहावं लागतं. एका ठिकाणी आ ऱ्हस्व आणि दुसरीकडे दीर्घ झाला, तर कॉम्प्युटरच्या मते ती दोन वेगळी माणसं. म्हणून पहिल्या दिवशी कितीही गर्दी असली तरी नावाला घाई करायची नाही, हा माझा नियम होता.

नाव ठरलं की मी समोरच्याला खिडकीकडे तोंड करून उभं राहायला सांगे. खिडकीबाहेर सायकली लावायची जागा होती, तिकडे बघत माणूस रमायचा. मग मी दवाखान्यातली बाई पुकारते तशी, सपाट आवाजात, ते नाव पुकारायची. माणूस वळला तर नाव पास. नाही वळला, तर पुन्हा बसायचं आणि दुसरी अक्षरं शोधायची. ऑफिसातले लोक याला हसत. पण आपलं नाव पुकारलं गेलं हे न कळल्यामुळे पडसं घेऊन दुपारभर दवाखान्यात बसून राहिलेले मोठमोठे विद्वान मी पाहिलेले आहेत. आपल्या मराठीत याला ओ देणं म्हणतात. माणूस ज्याला ओ देतो ते त्याचं नाव. बाकीचं सगळं कागदपत्रांसाठी.

माझ्या स्वतःच्या नावाची परीक्षा कुणी घेतली नव्हती. पालशेतकर हे आडनाव काताकानात 'पारुशेतोकारु' झालं आणि ऑफिसने आठवड्याभरात त्याची 'पारुसान' करून टाकली, सान म्हणजे आपलं 'जी'. माझ्या आजोळी पारू नावाची म्हैस होती, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. हळूहळू मी पारुसानला ओ द्यायला लागले, आणि एकदा ओ दिली की तक्रारीला जागा राहत नाही.

नावांच्या गमती पुष्कळ आहेत. ज्यांना आडनावच नाही असे लोक येत, आणि फॉर्ममध्ये दोन चौकटी भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नसे. आपल्या मराठी मुलांचा घोळ वेगळा. पासपोर्टावर त्यांच्या नावामागे वडिलांचं नाव चिकटलेलं असतं. औंधहून पीएचडीला आलेली मुक्ता नावाची मुलगी होती. तिला तिच्या लॅबच्या सेक्रेटरी 'सुरेश-सान' म्हणून हाक मारत. सुरेश तिचे वडील. मी म्हटलं, "अगं, एक ईमेल टाकते, उद्यापासून बंद होईल." ती म्हणाली, "नको मावशी, राहू दे. बाबा लास्ट इयर गेले. इथे रोज कुणीतरी त्यांना हाक मारतंय, तर मारू दे ना." मी ईमेल टाकली नाही. पदवी घेऊन जाईपर्यंत ती सुरेश-सानच होती.

पण मला सांगायचं आहे ते एका फिनिश आडनावाबद्दल. त्यासाठी आधी माझी जुनी फजिती सांगायला हवी.

लग्न होऊन मी क्योतोला आले तेव्हा ह्यांना 'अहो' म्हणायची. सासूबाईंनी शिकवलं होतं म्हणून नाही, मला तो शब्द आवडायचा म्हणून. नाव न घेता सगळं नाव त्यात येतं. आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही बसने बाजार करून येत होतो. मी पिशव्या घेऊन मागे, हे पुढे दाराशी. आमचा स्टॉप आला आणि हे आपले पुस्तकात डोकं घालून. मी मागून ओरडले, "अहो! अहो, उतरायचंय!" सगळी बस वळली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, शाळेतल्या दोन मुली तोंडावर हात ठेवून खिदळल्या. माझ्या शेजारच्या काठीवाल्या आजींनी माझ्या दंडावर हलकेच थोपटलं आणि काहीतरी समजावून सांगितलं. त्याचा अर्थ ह्यांनी मला रस्त्यावर उतरल्यावर, हसू आवरत सांगितला. आजी म्हणाल्या होत्या, "चारचौघांत नवऱ्याला असं म्हणू नये गं. घरी म्हण. घरी चालतं."

क्योतो-ओसाकाकडच्या बोलीत 'आहो' म्हणजे येडा, येडपट. रागाने म्हटलं तर शिवी, लाडाने म्हटलं तर लाड. जपानी कानाला आपला अ त्यांच्या ऱ्हस्व आ सारखाच ऐकू येतो.

"म्हणजे आमची आई जन्मभर बाबांना चारचौघांत येडा म्हणत होती," हे म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत हसत राहिले.

तेव्हापासून बाहेर तो शब्द बंद झाला. पुढे आमचा मुलगा शाळेत जायला लागला. एकदा त्याचे मित्र घरी खेळत होते आणि मी स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणून हाक मारली. मित्र गडाबडा लोळले. रात्री जेवताना तो रडवेला होऊन म्हणाला, "आई, तोमोदाचि आले की तसं नको ना म्हणूस." तोमोदाचि म्हणजे मित्र. मग घरातही मी 'ऐका ना' वर आले, कधी चेष्टेने 'पारुशेतोकारु-सान' म्हणू लागले. शब्द कधी गेला ते कळलंही नाही. रोजच्या वापरातली गोष्ट माळ्यावर जाते आणि नंतर ती घरात आहे हेच आपण विसरतो, तसं झालं.

आता आहोसान. फिनलंडमधले हे गृहस्थ जंगलाच्या मातीचे अभ्यासक होते. उंच, जरा वाकून चालणारे, बोलायची मुळीच घाई नसलेले. ते यायच्या आधी आमच्या विभागप्रमुख निशिमुरासान नव्या लोकांची नावं बघत बसल्या होत्या. निशिमुरासान पिढ्यानपिढ्या क्योतोच्या. एका नावाशी त्या थांबल्या.

मग म्हणाल्या, "किती छोटंसं नाव आहे, नाही?"

क्योतोत याहून स्पष्ट कुणी बोलत नाही. मी वाकून पाहिलं. AHO. माझ्या पोटात हसू आलं आणि त्याच क्षणी ती बस आठवली.

आहोसान आले तेव्हा मी जपूनच विचारलं, काताकानात कसं लिहायचं ठरवलंय? ते म्हणाले, "याआधी वर्षभर पूर्वेकडच्या त्सुकुबा शहरात होतो. तिथे लिहिलंय तेच ठेवा. तिथे कुणी हसलं नाही. म्हणजे हसले असतील, मला दिसले नाहीत." अर्थ त्यांना ठाऊक होता. मी त्यांना खिडकीशी उभं केलं. हाक मारायची ती मीच मारली, कारण निशिमुरासान अचानक फाइली लावायला उठून गेल्या होत्या. "आहोसान." ते लगेच वळले आणि हसले. नाव पास. त्यानंतर आमच्या ऑफिसात त्यांना सगळेजण 'सेन्सेई' म्हणू लागले. सेन्सेई म्हणजे गुरुजी. त्या शब्दामागे कुठलंही आडनाव झाकता येतं.

पुढच्या एप्रिलमध्ये त्यांची बायको आणि मुलगी आल्या. मुलीचं नाव आइनो. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, ती तिसरीत बसली. आइनो हे नाव ऐकून शाळेतल्या बाई खूश झाल्या, कारण जपानीत 'आइ नो' म्हणजे 'प्रेमाचा, प्रेमाची'. पण परदेशी पद्धतीने नाव आधी आणि आडनाव नंतर घेतलं की काय होतं ते वर्गातल्या एका मुलाला आठवड्यात सापडलं. आइ नो आहो. प्रेमातला येडा.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या थोडं आधी आहोसान मुलीला घेऊन माझ्या टेबलाशी आले. मुलीने दोन सोनेरी वेण्या घातल्या होत्या आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"ती शाळेत जात नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "सकाळी पोट दुखतं. शनिवारी-रविवारी दुखत नाही. शाळेत तिचं नाव बदलायचं. माझ्या बायकोचं आडनाव वेगळं आहे, कोइवु. ते लावू."

"मुलं मारतात का?"

"नाही. तिच्या नावाचं गाणं म्हणतात. वर्ग झाडताना, जेवण वाढताना. वाईट मुलं नाहीत."

तेवढ्यात आइनो जपानीत बोलली. तीन महिन्यांत ती चांगलं बोलायला लागली होती, आणि तेही अस्सल क्योतोच्या हेलात. "गाण्याचं काही नाही. सेन्सेई हजेरी घेताना सगळ्यांचं आडनाव घेतात. माझं घेत नाहीत. नुसतं आइनो-सान म्हणतात. सगळ्यांना आडनाव आहे, मला नाही."

बाईंनी चांगुलपणाने तिचं आडनाव टाळलं होतं. आम्ही ऑफिसात तिच्या वडिलांना 'सेन्सेई' म्हणत होतो तसंच. मला ते फार लागलं.

फॉर्म काढताना मी आहोसानना विचारलं, मूळ अर्थ काय तुमच्या आडनावाचा? तो माणूस हळूहळू बोलायला लागला, आणि मी फॉर्म बाजूला ठेवून ऐकत बसले.

त्यांच्याकडे पूर्वी जंगलाचा तुकडा तोडायचे, जाळायचे, राखेत राय नावाचं धान्य पेरायचे. काही वर्षांनी जमिनीचा कस गेला की ती सोडून दुसरीकडे जायचे. मागे राहिलेल्या उघड्या, उन्हाने भरलेल्या जागेला आहो म्हणतात. अशा जागेवर कुणी घर बांधलं तर त्या घराचं नाव आहो. आणि जो त्या घरात राहील तो आहो. "माझा पणजोबा दुसऱ्याच आडनावाचा होता," ते म्हणाले. "लग्न करून त्या घरात राहायला गेला आणि आहो झाला. फिनलंडमध्ये अशी उघडी रानं पुष्कळ, त्यामुळे आहोही पुष्कळ. एकमेकांचे कुणी नसलेले." मग त्यातले काही अमेरिकेत लाकूडतोडीला आणि खाणींत गेले, काही स्वीडनच्या कारखान्यांत, काही वर नॉर्वेच्या किनाऱ्याला मासेमारीला. अमेरिकेतल्या त्यांच्या चुलत घरात आता त्या नावाचा उच्चार 'एहो' होतो. "इतक्या देशांत गेलं, पण कुठे त्याचा काही अर्थच होत नव्हता. अर्थ निघाला तो इथे."

मला आमचं पालशेत आठवलं. ह्यांच्या पणजोबांनी गाव सोडलं. नावामागे 'कर' लावून आम्ही ते गाव पुणे, मुंबई करत क्योतोपर्यंत आणलं, आणि मी ते पाहिलंय एकदा, तेही घाईघाईत. त्या डोंगरउतारांवरही पेरणीआधी पाला-फांद्या रचून भाजावळ करतात. हे मी सांगितल्यावर आहोसान इतके खूश झाले की फोनवर मला फोटो दाखवायला लागले. क्योतोच्या ईशान्येला एका मोठ्या तळ्यापलीकडच्या डोंगरांत काही म्हातारी माणसं अजून तशी शेती करतात, त्याच मातीचा ते अभ्यास करत होते. आपल्याच आडनावावर संशोधन करायला तो माणूस इतक्या लांब आला होता, आणि त्याच आडनावापायी त्याची मुलगी पोट धरून बसत होती.

"आणि कोइवु म्हणजे?"

"बर्च. पांढऱ्या सालीचं झाड. आहो मोकळं सोडलं की तिथे आधी बर्च उगवतात." मग म्हणाले, "बायकोचं आडनाव माझ्या आडनावावरच उगवतं. तेव्हा बदललं तरी काही बिघडत नाही. नाव घराचं असतं, रक्ताचं नसतं." ते हे मला नाही, स्वतःला समजावत होते, ते स्पष्ट दिसत होतं.

मी फॉर्मवर काताकानात लिहिलं, कोइवु आइनो. सुंदर दिसत होतं. मग नियमाप्रमाणे मुलीला खिडकीशी उभं केलं.

"कोइवु आइनो-सान."

ती सायकली बघत राहिली.

"कोइवु आइनो-सान."

तिला ऐकू येत होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण पाय हलले नाहीत. मी वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. माझा नियम होता, नाव नापास झालं की आधीचं पुकारून पाहायचं, म्हणजे ऐकू आलं नाही की ओळखलं नाही ते कळतं. मी म्हटलं,

"आहो आइनो-सान."

ती गर्रकन वळली. डोळे भरलेले, चेहरा रागाने फुललेला. "मला वळायचं नव्हतं!" ती ओरडली. "तुम्ही मला का वळवलंत?"

ऑफिसातले कीबोर्ड थांबले. निशिमुरासान उठून उभ्या राहिल्या. मी पेन खाली ठेवलं. खरं सांगायचं तर माझं काम तिथे संपलं होतं. पोरांच्या हसण्याला काताकानात इलाज नाही. मी उठून तिच्याजवळ खिडकीशी गेले आणि मला सुचलं ते बोलले.

"आमच्या भाषेतपण हा शब्द आहे. बायको नवऱ्याला हाक मारते तेव्हा म्हणते."

तिने नाक ओढलं. "नवऱ्याला येडा म्हणता?"

"नाही. ज्याचं नाव घेऊ नये इतका ज्याला मान द्यायचा, त्याला म्हणतो. वडीलधाऱ्या माणसांना म्हणतो. म्हणजे, ऐका, मी तुमच्याशी बोलतेय."

"मग तो येतो?"

"आधी ओ देतो. मग येतो."

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "हे वर्गात सांगाल?"

शाळेत तो तास मिळाला तो निशिमुरासानमुळे. मुख्याध्यापकांना फोनवर त्या नक्की काय म्हणाल्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हवेबद्दल बोलल्या, शाळेच्या आवारातल्या फुलांबद्दल बोलल्या, आणि फोन ठेवून म्हणाल्या, "शुक्रवारी तिसरा तास."

आहोसाननी फळ्यावर चित्रं काढली. जंगल, आग, राखेतलं धान्य, मग सोडून दिलेली मोकळी जागा आणि तिच्यावर मोठा थोरला सूर्य. आपल्या मोडक्या जपानीत म्हणाले, "हे आहो." वर्ग खदखदला. त्यांनी हसू दिलं. मग त्या जागेवर लाल ठिपके काढले. "इथे पहिल्यांदा काय येतं? रानातली स्ट्रॉबेरी. आमच्या भाषेत तिचं नाव आहोमान्सिक्का. आहोची स्ट्रॉबेरी." येड्याची स्ट्रॉबेरी म्हटल्यावर पोरं बाकांवरून पडायची बाकी राहिली. गाणं रचणारा मुलगा पुढेच बसला होता. त्याने हात वर केला. "गोड असते?"

"दुकानातल्या स्ट्रॉबेरीपेक्षा गोड," आइनो मागून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "पण छोटी असते. आणि तुला सापडणार नाही, मला सापडते."

मग मी माझा शब्द सांगितला. त्यालाही पोरं हसली. त्याच मुलाने पुन्हा हात वर केला. "मग तुमचा नवरा हाय म्हणतो?" जपानीत हाय म्हणजे हो, हजर.

"हो, म्हणतो," मी म्हटलं. वर्गशिक्षिकेने पुढे होऊन हजेरीचा कागद उचलला आणि, तास मधोमध आलेला असताना, पहिल्यापासून हजेरी घेतली. "आहो आइनो-सान." "हाय," आइनो म्हणाली. दोन-तीन जण हसले, आणि बाई पुढच्या नावाकडे गेल्या.

बाहेर बूट घालताना आइनो माझ्याजवळ येऊन बसली. "तुम्ही खरंच तशी हाक मारता? इथे, क्योतोत?"

वर्गात बोलले ते खोटं तिच्यासमोर पुन्हा बोलायला मला जमलं नाही. "पूर्वी मारायचे. आता नाही मारत. इथले लोक हसतात म्हणून."

ती बुटाचा पट्टा लावत होती. वर न बघता म्हणाली, "मग मी एकटीच."

सोमवारी ती शाळेत गेली. गाणं थांबलं असं नाही, पण पुढे मैदानाजवळून जाताना मी ऐकलं, पोरं तिला खेळायला बोलावताना 'आहोओ' म्हणून लांबलचक हाक मारत होती आणि ती तितक्याच लांबून 'हाआय' म्हणत धावत होती. दोन वर्षांनी ते कुटुंब फिनलंडला परत गेलं. शाळेच्या कागदांवर शेवटपर्यंत आहो आइनो हेच नाव होतं. त्या वर्गशिक्षिका मात्र अजून भेटल्या की तिचीच आठवण काढतात.

त्या शुक्रवारी घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं आणि मुद्दाम म्हटलं, "अहो, चहा ठेवू का?" जीभ अडखळली. हे पीच सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "कोण, मी की तुमचे फिनलंडचे?" आम्ही दोघं खूप हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ऐका ना' सुरू झालं. मला वाटलं, निवृत्त झालो की पुण्याला जाणारच आहोत, तिथे म्हणायला जन्म पडलाय.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना मेंदूचा झटका आला. चार खाटांच्या खोलीत, पडद्याआड, हे डोळे मिटून होते. श्वास स्वतःचा होता, बाकी काही नाही. सकाळ-दुपार नर्स यायची, खांद्याला हात लावून म्हणायची, "पारुशेतोकारु-सान, पारुशेतोकारु-सान, ऐकू येतंय का?" आणि नोंद करायची. मुलगा योकोहामाहून आला होता. डॉक्टर त्याच्याशी जपानीत बोलले आणि त्याने बाहेर येऊन मला सांगितलं, "आई, ते म्हणतात, नावाला रिस्पॉन्स नाही. असाच राहिला तर पुढच्या आठवड्यात काहीतरी डिसाइड करावं लागेल." पुढचं तो जपानीत बोलला. माझ्याशी बोलतोय हे तो विसरला होता.

मी ती दुपार ह्यांच्याशेजारी बसून काढली. नर्स पुन्हा आली. पुन्हा तेच नाव, सपाट आवाजात. मी आयुष्यभर जशी हाक मारली अगदी तशीच. आणि मला एकदम लख्ख कळलं की ही परीक्षा चुकतेय. माणूस नापास नाहीये, नाव चुकीचं आहे. हे नाव नुसतं बसवलेलं होतं, बँकेसाठी, विम्यासाठी. त्याला ह्यांनी कधी मनापासून ओ दिली होती?

मी नर्सला म्हटलं, "मी हाक मारून बघू?"

"मारा ना," ती म्हणाली. "घरी मारता तशीच मारा. मोठ्याने मारली तरी चालेल."

खोलीत इतर तीन पडदे ओढलेले होते. त्यांच्यामागे क्योतोची तीन म्हातारी माणसं पडलेली होती. मला ती बस आठवली, स्वयंपाकघर आठवलं, आणि बुटाचा पट्टा लावणारी ती पोरगी आठवली. मी उभी राहिले.

"अहो!"

काही नाही. नर्सने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"अहो! अहो, ऐकलंत का!" मी बसमध्ये ओरडले होते तशी ओरडले.

शेजारच्या पडद्यामागून एक खरखरीत आवाज आला. "हाय, हाय. आहे, इथेच आहे."

मग तोच आवाज हळूच म्हणाला, "माफ करा हो. मला वाटलं आमची ही आली. ती जन्मभर मला अशीच हाक मारायची. ती गेल्यापासून कुणी मारली नाही."

नर्सने डोळ्यांना हात लावला. मी खाली वाकले, ह्यांच्या कानाशी गेले आणि पुन्हा हाक मारली, या वेळी हळू, लग्नानंतर पुण्याच्या घरात मारायचे तशी.

"अहो."

पापण्या हलल्या. ओठ थोडे उघडले आणि आवाज आला. तो आवाज अगदी बारीक होता, पण नर्सने ऐकला, पडद्यामागच्या आजोबांनी ऐकला, आणि मी तर आयुष्यभर माणसं वळताना पाहिली आहेत, मला चुकणार नाही. त्यानंतरचे थोडेच दिवस आम्हाला मिळाले. पण त्या दुपारी, अख्ख्या खोलीसमोर, ह्यांनी मला ओ दिली.